मनोरमाताईची गृहचौकशी

गिरीज, वसई
८ जुलै २०२५

ती. ताईस,
धाकट्या जिजाचा शि. सा. न. वि. वि.

आणि हे पाकीट तुझ्या आधी उघडणाऱ्या अधीक्षक मॅडमनाही नमस्कार. मॅडम, मागं ताईला पाठवलेली सुकेळी, म्हणजे आपली वाळवलेली केळी, तिच्यापर्यंत पोचली नाहीत असं कळलं. गोड लागली असतील तर लाजू नका. आगाशीच्या बाजारातून तुमच्या नावाची वेगळी पुडी बांधून पाठवते, म्हणजे ताईच्या पुडीला हात लावायला नको.

ताई, मी बरी आहे. बावखल काठोकाठ भरलंय, बेडूक रात्रभर भजन करतात. मागच्या वाडीतल्या दोन केळी वाऱ्यानं आडव्या झाल्या. आमचे हे असते तर त्या उभ्या करायच्या सोडून वाऱ्याला शिव्या देत बसले असते. मी दोन्ही कामं केली.

आता मुद्दा. तुझ्यासाठी मी कुठं कुठं कागद धाडले ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच कशाला गं म्हणतेस. आज सांगते. गेल्या वर्षी एप्रिलात तू वणीच्या देवीला गेलीस, येताना एसटीत ताप डोक्यात गेला, भलत्याच गावी उतरलीस आणि स्वतःचं नाव सांगता येईना. पोलिसांनी दवाखान्यात नेलं, कोर्टानं त्या आधारगृहात ठेवलं. इथपर्यंत सगळ्यांनी भलंच केलं. तीन आठवड्यांनी तू शुद्धीवर आलीस, पत्ता सांगितलास, मी आणि शेजारचा पास्कल त्याची गाडी घेऊन घाट चढून आलो. तेव्हा मॅडमनी आम्हाला दारातूनच परत लावलं. म्हणे कोर्टाच्या हुकमात गृहचौकशी लिहिलीय. आमच्या तालुक्याचा चौकशी अधिकारी येऊन माझं घर बघणार, तुला सांभाळायला कोण आहे ते लिहिणार, मग तू सुटणार. अधिकाऱ्याची खुर्ची दोन वर्षं रिकामी. मी दर महिन्याला जाऊन त्या खुर्चीला भेटून येते. तिचं बरं चाललंय.

म्हणून दिवाळीत प्रिस्काबाईंकडून, आपल्या निवृत्त शाळामास्तरणीकडून, मानव प्रतिष्ठा आयोगाला अर्ज लिहून घेतला. सरकारनं माणसांच्या हक्कांची राखण करायला हा आयोग बसवलाय. आठ महिने आयोग बसूनच होता. काल उत्तर आलं. तक्रार निकाली. आयोगाच्या निरीक्षकांनी प्रत्यक्ष भेट दिली तेव्हा तू म्हणालीस म्हणे, की मला कसलाही त्रास नाही, इथं सर्व बरं आहे. आणि खाली सही केलीस!

ताई, माझी बाई, काय सांगून बसलीस गं त्या माणसाला? तू तीच ना, जिच्या घराची कौलं उडाली तेव्हा आलेल्या पाहुण्याला सांगितलंस की आता हवा छान खेळते?

सोबत आपल्या नारळाच्या तेलाची बाटली पाठवते. वेणीला चोळून लाव. लहानपणापासून त्या वेणीचा हेवा करतेय, निदान ती तरी नीट ठेव.

माया आहे तेवढी राहू दे, माझ्या चहाडखोरीपायी कमी करू नको.
तुझी
जिजा


महिला आधारगृह
२१ जुलै २०२५

चि. जिजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मॅडमनी तुझा नमस्कार वाचला, हसल्या असं शिपाईण सांगत होती. तू असं काही लिहीत जाऊ नको. इथं सगळं बरं आहे. तेल पोचलं, कामाला येईल.

ते साहेब मे महिन्यात आले होते. भर दुपारी. बिचारे एसटीनं आले, ऑफिसला गाडी नाही म्हणाले, पुढं अजून दोन गावं करायची होती. शर्ट पाठीला चिकटलेला. मला मॅडमच्या खोलीत बोलावलं. मॅडम बाजूला उभ्या होत्या. चहा आला तेव्हा कप मीच पुढं केला, तेवढ्यात त्यांनी मोबाईलवर माझा फोटो काढला. मग विचारलं, जेवण मिळतं का. मिळतं. अंथरूण? आहे. कुणाचा त्रास? आता तूच सांग जिजा, एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला काय सांगायचं असतं? आईनं आपल्याला काय शिकवलंय? ओटीवर आलेल्याला आधी पाणी द्यायचं, आपलं रडगाणं त्याच्या पदरात घालायचं नाही. मी म्हटलं सगळं बरं आहे, तुमच्या घरी कसं आहे. ते मुलीच्या दहावीबद्दल बोलले. मग कागद पुढं केला. मला वाटलं, येऊन गेल्याची खूण म्हणून सही हवी असेल. त्या सहीनं मी आत राहीन हे मला कोण सांगणार?

माझ्या शेजारच्या खाटेवर सेलिन असते. आपल्या पापडी गावची. तिलाही नऊ वर्षांपूर्वी थोडे दिवस म्हणूनच आणलं होतं. ती फारसं बोलत नाही. संध्याकाळी पाच वाजता गेट लागतं, पहाटेसारखीच खाटेशी उभं राहून पुन्हा मोजणी होते, मग दिवस संपला. सुरुवातीला मी गेटचा आवाज झाला की मान वर करायची. परवा आवाज झाला आणि मी भाजीच निवडत राहिले. सेलिननं माझ्या दंडाला बोट लावून ते दाखवलं. तेवढंच.

तू आता कागदांच्या मागं लागू नको. पास्कलला त्रास देऊ नको. मला इथली सवय झाली आहे.

प्रिस्काबाईंना नमस्कार. तुझी खोड मोडू नये, पण आवरती घ्यावी, असा आशीर्वाद.
तुझी
मनोरमा


गिरीज
११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, मग प्रिस्काबाईंकडे नेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाल्या, की आता वेळ घालवायचा नाही. पुन्हा सवय हा शब्द लिहिलास तर मी स्वतः एसटीत बसून नाव विसरेन आणि तिथं येऊन तुझ्या खाटेवर झोपेन. मी घोरते, हे मॅडमना आधीच सांगून ठेव.

आता ऐक. पेपरात जाहिरात आलीय. विधिमंडळाची एक समिती त्या मानव प्रतिष्ठा आयोगाचं काम आणि खर्च तपासणार आहे, लोकांनी आपलं म्हणणं लिहून पाठवावं. मी विचारलं, हे काय नवीन? प्रिस्काबाईंनी मला पाचवीतल्या पोरीसारखं समोर बसवून समजावलं. आयोग सरकारला जाब विचारतो. पण आयोगाला दरवर्षी पैसे मंजूर करतं विधिमंडळ. म्हणून मग आमदारांची समिती आयोगाला बोलावते आणि विचारते, की बाबांनो, दिलेल्याचं वर्षभर काय केलंत? म्हणजे सुनेवर सासू आणि सासूवर आजेसासू. मी म्हटलं, मग एवढे दिवस सासूच्या पाया कशाला पडत होतो, आजेसासूचं दार ठोठावू.

दोन पानं लिहिली. प्रिस्काबाईंना मोठे मोठे शब्द घालायचे होते. मी म्हटलं, साधं लिहा. माझ्या बहिणीला कोंडलंय ते कुणी वाईट आहे म्हणून नाही. एक खुर्ची रिकामी आहे म्हणून. आणि ती खुर्ची भरा असं सांगायला ज्यांना नेमलं, ते चहा पिऊन सही घेऊन गेले.

शेजारच्या कोंबडीनं आपल्या पडवीत अंडी घालायला सुरुवात केलीय. मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नको, मॅडम तुम्हीही.

लोभ पोटभर असू दे, आणि पोटभर जेवत जा.
तुझी
जिजा


गिरीज
१९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, मी विधान भवनात जाऊन आले! समितीचं बोलावणं आलं, शिक्का मारलेलं. पास्कलनं गाडी धुतली, मी निळं लुगडं नेसले. दारात पोलीसबाईनं माझी चंची तपासली आणि अडकित्ता काढून घेतला. म्हणाली हे हत्यार आहे. मी म्हटलं, पोरी, यानं चाळीस वर्षांत सुपारीशिवाय कुणाचं वाकडं केलं नाही. तरी ठेवूनच घेतलंन.

आत सांगितलं, की इथं जे बोललं जाईल ते अहवाल सभागृहात मांडेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. मी मान डोलावली. पण तू कुठं बाहेर आहेस? तू तर माझ्याहून आत आहेस. मॅडम, तुम्ही एवढी पानं सोडून एकदम शेवटच्या नमस्काराला या.

मोठं टेबल. एका बाजूला आमदार, मधे अध्यक्षबाई, समोर आयोगाचे सचिव आणि त्यांची माणसं. सचिवांनी जाड पुस्तक उघडून वाचलं, की वर्षात शंभरातल्या एक्याण्णव तक्रारी निकाली निघाल्या. पान उलटलं तर त्यात तू! डोक्यावरून पदर, हातात कप, हसतेस अशी, जशी काही तुझ्याच घरी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलंयस. खाली छापलंय, प्रत्यक्ष भेटीनंतर पूर्ण समाधान. मी म्हटलं, ही माझी बहीण. ती अजून आतच आहे.

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, की आजी, समिती एकेका माणसाचं प्रकरण चालवत नाही, ती फक्त आयोगाचं काम बघते. एवढ्या लांब येऊन चुकीच्या दारात उभी राहिले असं वाटलं. मग मला सुचलं ते विचारलं. म्हटलं, बहिणीचं राहू द्या, कामाचंच विचारते. अशा किती बायकांना भेटलात वर्षात? निरीक्षकांनी कागद बघितला. दोनशे बारा. त्यांतल्या किती जणींनी त्रास आहे म्हणून सांगितलं? त्यांनी पुन्हा कागद बघितला. एकीनंही नाही. मी म्हटलं, मग मलाही तिथला पत्ता द्या, मला घरी गुडघ्याचा, उंदरांचा आणि नळाचा त्रास आहे.

दोघंतिघं हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की तुम्ही विचारता तेव्हा खोलीत दुसरं कोण असतं? निरीक्षक म्हणाले, अधीक्षक.

पण सचिव गप्प बसणारा नव्हता. त्यानं सांगितलं, की अख्ख्या राज्याला आमचे निरीक्षक तीन, गाडी एकही नाही. तीन वर्षं माणसं मागतो आहोत, तीन वर्षं याच सभागृहानं मागणी कापली. तेव्हा अध्यक्षबाईंनी शेजारच्या आमदाराकडं बघितलं, त्यानं त्याच्या शेजारच्याकडं. शेवटच्याला बघायला कुणी उरलं नाही म्हणून त्यानं मोबाईल बघितला. मला त्या सचिवाची दया आली गं. चिडून गेले होते, पण घामेजलेला माणूस तोही होता.

शेवटी ठरलं, की या भेटी खऱ्या की खोट्या ते समिती स्वतः जाऊन बघणार. पहिलं तुमचं आधारगृह. नऊ ऑक्टोबर. न कळवता येणार आहेत. तेव्हा ताई, त्या दिवशी पाहुणचार बाजूला ठेव आणि तोंड उघड.

आपलेपणा असाच असावा, पण त्या दिवशी परक्यासारखी वाग.
तुझी
जिजा


महिला आधारगृह
९ ऑक्टोबर २०२५

चि. जिजास,
आशीर्वाद.

हे पत्र समितीच्या शिपायाजवळ देते आहे. ते लोक चहा घेतायत, तेवढ्यात लिहायचंय. दीड वर्षात पहिल्यांदा माझं पाकीट चिकटवलेलंच तुझ्या हातात पडेल.

तू जन्माची शहाणी आणि तेवढीच वेडी. न कळवता येणार म्हणून लिहिलंस आणि तारीखही लिहिलीस! ती माझ्या आधी मॅडमनी वाचली. दुसऱ्या दिवशी भिंतींना चुना लागला. नव्या चादरी आल्या, त्यांवर बसायचं नाही असं सांगितलं. आणि आज सकाळी ज्या धड बोलू शकतात अशा आम्हा सात जणींना बसमध्ये घालून देवदर्शनाला पाठवलं. सेलिनला ठेवलं, कारण ती बोलत नाही. बसमध्ये मी तुला इतके शाप दिले, की देवासमोर उभं राहून एकेक परत घ्यावे लागले.

पुढचं सेलिननं सांगितलं. हो, तिनंच, आपणहून. समिती आली, सगळं बघितलं, छान म्हणाली. मग अध्यक्षबाईंनी पर्समधून माझा फोटो काढला आणि ही बाई कुठं आहे म्हणून विचारलं. दर्शनाला गेलीय, रात्री येईल, असं मॅडम म्हणाल्या. बाई व्हरांड्यात खुर्ची ओढून बसल्या. बरोबरचा एक आमदार सारखा घड्याळ दाखवत होता, त्याला त्यांनी पाठवून दिलं. ड्रायव्हरला फोन करून बस परत बोलवायला लावली. साडेपाचला आलो तेव्हा गेट उघडं होतं. पाचनंतर उघडं गेट मी इथं पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी मॅडमना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी आधी काय विचारलं असेल? चहा झाला का. हसू नको. पण त्यांनी त्रास आहे का असं विचारलंच नाही. विचारलं, की मनोरमाबाई, तुम्हाला आत्ता उठून घरी जायचं म्हटलं तर जाता येईल का? मी म्हटलं नाही. किती दिवस झाले? पाचशे अडतीस, मी पटकन म्हणाले. मीच चमकले. मी मोजत होते हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी डोक्यावरचा पदर मागं घेतला. जिजा, तुला कळवलं नव्हतं. वेणी नाही. आले त्या आठवड्यातच कापली, उवा होतात म्हणून. दर दोन महिन्यांनी सगळ्यांचे केस कापतात. तुझं तेल मी सेलिनच्या गुडघ्यांना लावते. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, की मी तुम्हाला आज सोडू शकत नाही, तो अधिकार समितीला नाही. मी अहवालात लिहीन, आयोगाला अधिवेशनाच्या आधी उत्तर द्यावं लागेल. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता त्या जातील. मग गेट लागेल, आणि मॅडम असतील आणि आम्ही असू. मला भीती वाटते आहे. हे तुला कधी लिहिलं नाही, आज लिहिते.

तुझ्या तोंडाला कुलूप लागो, तुला सुख लाभो.
तुझी
मनोरमा


गिरीज
१ डिसेंबर २०२५

मा. अधीक्षक मॅडम, महिला आधारगृह,
स. न. वि. वि.

या खेपेला पाकिटावर तुमचंच नाव आहे, तेव्हा मोकळ्या मनानं उघडा.

समिती येऊन गेल्यावर पाच आठवडे ताईचं एकही पत्र आलं नाही. ते का, ते मी विचारत नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि ताईनं आता मलाही सांगितलंय. मग आयोग जागा झाला. अधिवेशनात अहवाल यायचा होता, त्याच्या आधी उत्तर लिहायचं होतं. गृहचौकशीला माणूस अजून नाहीच. म्हणून त्यांनी तोड काढली, की मनोरमाबाईंना बहिणीकडं पंधरा दिवसांची रजा द्यावी. तेवढ्यात त्यांनी पुस्तकात लिहूनही टाकलं असेल, महिला घरी पोचली, तक्रार निकाली. सोळाव्या दिवसाचं पान त्या पुस्तकात नसतं.

चौदा नोव्हेंबरला तुम्ही ताईला माझ्या हवाली केलंत आणि हमीपत्रावर माझी सही घेतलीत, की एकोणतीस तारखेला आणून पोचवीन. आमच्या घरात सहीमुळं एकदा फसगत झालीय, म्हणून या वेळी कागदाची मागची बाजूही प्रिस्काबाईंकडून वाचून घेतली. अक्षर मुंगीएवढं आहे. त्यात अकरावा नियम असा, की रजेवर गेलेली महिला मुदतीत परतली नाही तर संस्थेच्या अधिकाऱ्यानं सात दिवसांच्या आत त्या घरी जावं, घर बघावं, तिथं कोण राहतं, तिला कोण सांभाळतं, तिची स्वतःची इच्छा काय, हे लिहून कोर्टाकडं पाठवावं.

मॅडम, यालाच तर गृहचौकशी म्हणतात ना? बाई घरी यावी म्हणून ज्या चौकशीला दीड वर्षात माणूस मिळाला नाही, तीच चौकशी बाई पळाली की सात दिवसांत करावीच लागते. तेव्हा मी हमीपत्र मोडलेलं आहे. चुकून नाही, ठरवून.

यात ताईचा काही दोष नाही, हे लिहून ठेवा. परवा सकाळी ती पिशवी भरून ओटीवर येऊन बसली होती. कागदावर माझं नाव आहे, माझ्यावर बालंट येऊ नये, म्हणून स्वतःहून परत यायला निघाली होती. पास्कलला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की गाडी बिघडलीय असं सांग. दुपारी तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, भांडी मात्र जोरात आपटते. अजून पहाटे मोजणीच्या वेळेला उठून खाटेजवळ उभी राहते. मी पांघरूण डोक्यावर घेऊन झोपेचं सोंग करते.

या पत्राची एक प्रत आयोगाला आणि एक समितीच्या अध्यक्षबाईंना टपालानं धाडली आहे. सातवा दिवस सहा तारखेला येतो. गिरीजला उतरल्यावर कुणालाही जिजाचं घर विचारा. माझी कीर्ती आहे. पापडी इथून जवळ आहे, तेव्हा येणाऱ्याकडं सेलिनचेही कागद द्या. तिला कुणी नसेल तर तिचंही घर म्हणून हेच बघा, जागा आहे.

आणि तुम्ही चौकशीला नाही, ताईला उचलून न्यायलाच माणूस पाठवणार असाल, तर तेही कळतं मला. भीती मलाही वाटते. दारात गाडी वाजली की दोघी उठून उभ्या राहतो. पण नियम अकरा म्हणतो, की आधी घर बघायचं, मग लिहायचं, त्यानंतर काय ते. तुमचा माणूस आला की त्याला ओटीवर पाट देईन, आणि शेवटच्या ओळीपर्यंत लिहून होत नाही तोवर पाटावरून उठू देणार नाही.

लोभ असो वा नसो, अहवाल असावा.
आपली
जिजा